काठीवाल्याबरोबर गड्ड्यावर

१२ जानेवारी, रात्र

हुतात्मा एक्स्प्रेसनं कुर्डुवाडी सोडली की डब्यातली भाषा बदलते. पुण्यात 'जरा सरकता का' म्हणत चढलेला शेजारी आता 'सरक की मालक, जागा हाय की' म्हणाला आणि माझं नाव बदलायला तिथूनच सुरुवात झाली. सोलापुरात अनोळखी माणूस मालक असतो. त्यासाठी त्याच्या मालकीचं काही असावं लागत नाही. माझ्या मालकीची एक पाठपिशवी होती. तिच्यात आत्यासाठी बाकरवडी आणि कोपरे दुमडलेलं एक जाडजूड पुस्तक.

पुस्तकाचं कारण म्हणजे पुतणी. आतेभावाची मुलगी, नववीत आहे. डिसेंबरात तिचा फोन आला, "काका, यंदा गड्ड्याला ये. तेरा ते सतरा. तारखा जुळतायत." गड्डा म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा. पण कसल्या तारखा? "गँडाल्फच्या."

टोल्कीनच्या कादंबऱ्यांतला हा म्हातारा जादूगार मी कॉलेजात असताना वाचला होता. करडा झगा, टोकदार टोपी, कमरेखाली पोचणारी दाढी, हातात काठी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या शेवटी परिशिष्टात त्याच्या मोहिमेची तारीखवार जंत्री आहे, हे मी साफ विसरलो होतो. १३ जानेवारीला अंधार पडताना तो मोरिया या डोंगराखालच्या जुन्या नगरीच्या बंद दाराशी पोचतो, १५ जानेवारीला पुलावरून कोसळतो. आणि यंदा संक्रांत १५ ला, म्हणजे १३ ला तैलाभिषेक, १४ ला अक्षता, १५ ला होम. तिकडचे सगळे महिने सरसकट ३० दिवसांचे, तेव्हा त्यांची १५ आणि आपली १५ एकच कशी, असं मी म्हणून पाहिलं. "आपल्या तिथी तरी कुठं कॅलेंडर बघून चालतात," ती म्हणाली. निरुत्तर होऊन तिकीट काढलं.

गाडीचं नाव आणि आजची तारीख यांचाही मेळ आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फाशी गेले. चौघांचं मिळून एक नाव झालं, ते रोज संध्याकाळी पुण्याहून सुटतं. डब्यातल्या किती जणांच्या हे लक्षात असेल, ठाऊक नाही. माझ्याही स्टेशनात उतरल्यावर लक्षात आलं.

घरी पोचलो तर हॉलच्या भिंतीवर पुस्तकांना घालतात त्या खाकी कागदाच्या दोन शीट जोडून केलेला नकाशा. त्यावर जादूगाराचे रस्ते, आणि जिथं जिथं त्याला नवं नाव पडलं तिथं एकेक टिकली. निळी म्हणजे एल्फ, तांबडी म्हणजे बुटके, हिरवी म्हणजे हॉबिट, त्या गोष्टीतल्या तीन जमाती. आत्या जेवायला वाढताना म्हणाली, "माझं अख्खं पाकीट संपवलं कार्टीनं. आणि ह्या बाबाला इतकी नावं कशाला रे लागतात? नाव बदलणारा माणूस उधारी बुडवणारा असतो."

आत्या मला बाळ्या म्हणते. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.

१३ जानेवारी

सकाळी उत्तर कसब्यात हिरेहब्बू वाड्यासमोर उभे होतो. गल्लीत मुंगी शिरेल एवढीच जागा. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेली माणसं, पोरं, अगदी कडेवरची लेकरंसुद्धा. पुतणी माझ्या कानाशी पुटपुटली, "सगळे सारुमान!" सारुमान म्हणजे त्या गोष्टीतला पांढरा जादूगार, पुढे फितूर होतो तो. आत्याचं इंग्रजी पुस्तकांशी देणंघेणं नाही, पण सूर तिला बरोबर कळतो. एक टप्पल बसली.

मग काठ्या निघाल्या. कागदोपत्री त्यांना नंदीध्वज म्हणतात, घरात मात्र काठ्याच. 'पहिली काठी आली का', 'तिसरी कुठवर पोचली', असंच लोक विचारतात. मानाच्या सात काठ्या. उंच बांबू, वरती शृंगार, आणि तो सगळा भार कमरेच्या पट्ट्यात रोवून एक माणूस तोलत चालतो. माझ्यासमोरून पहिली गेली तेव्हा मी मुद्दाम वर बघितलं नाही, त्या माणसाकडे बघितलं. त्याची नजर टोकाला खिळलेली, मान मागे, गळ्याच्या शिरा ताठ. पावलं आपोआप पडत होती, एक पाऊल टाकलं की दुसरं अर्ध्यावर थांबायचं, बांबूनं वर झोका घेतला की मगच टेकायचं. बाजूच्यांचे हात त्याच्याभोवती होते, पण कोणी त्याला धरलं नव्हतं. 'एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!' या गजरात त्याचे ओठही हलत होते, आवाज मात्र काढत नसावा. श्वास वाचवत असणार.

"थार्कुन," पुतणी म्हणाली. या वेळी जरा लांब उभं राहून.

बुटक्यांनी गँडाल्फला दिलेलं हे नाव, त्याचा अर्थ काठीवाला. मला ते त्याच्या सगळ्या नावांत प्रामाणिक वाटतं. बुटके खाणीत राहणारे, धातू घडवणारे लोक, हत्यार-अवजाराकडे आधी बघणारे. हा कुठून आला, कोण आहे, कशासाठी फिरतो, या भानगडीत ते पडले नाहीत. हातात काठी दिसली, काठीवाला म्हणून मोकळे झाले. एल्फांचं काम वेगळं. ते त्याला मिथ्रांदिर म्हणतात, करडा यात्रेकरू. त्यांनी रंग पाहिला आणि चालणं पाहिलं. स्वतः हजारो वर्षं एका जागी राहणाऱ्यांना दुसऱ्याचं चालणंच आधी दिसणार.

आणि चालतो खराच. पश्चिमेहून समुद्र ओलांडून पाच जादूगार आले, साधारण तिसऱ्या युगाच्या हजाराव्या वर्षी. सारुमाननं पुढे मनोरा बळकावला, रॅडागास्टनं जंगलाच्या कडेला घर केलं, दोघे निळे पूर्वेला गेले ते गेलेच. गँडाल्फनं दोन हजार वर्षांत भाड्याची खोलीसुद्धा घेतली नाही. उतरला तेव्हा बंदरावरच्या किर्दाननं, म्हणजे जहाजं बांधणाऱ्या म्हाताऱ्या एल्फनं, पाचांत सगळ्यात थकलेल्या दिसणाऱ्या या म्हाताऱ्याच्या हातात गुपचूप नार्या ही अग्नीची अंगठी ठेवली. माणसाची पारख बंदरावरच्या लोकांना असते. आपल्याकडे ती एसटी स्टँडावरच्या हमालांना असते.

सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली. आज काठ्या त्या सगळ्यांना जातात, तेलाचा अभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. शेजारच्या अक्कांनी मला फोड करून दिली. त्या कानडी, घरात मराठी, बाजारात तेलुगूही. "यण्णी म्हंजे तेल, मज्जन म्हंजे न्हाणं. तुमच्या पुण्यात यण्णी न्हाई का?" तेल आहे, मी म्हटलं. पण देवाला घरी जाऊन न्हाऊ घालायची पद्धत नाही.

मी अनवाणी निघालो होतो. एकवीस लिंगांपर्यंत टिकलो. नंतर एका टपरीच्या कट्ट्यावर तळपाय वर करून बसलो. टपरीवाल्यानं न मागता चहा दिला, पैसे घेतले नाहीत. "आज न्हाई घेत, अण्णा." म्हणजे काल मालक, आज अण्णा.

रात्री काठ्या परतल्यावर मी घरी आलो तर दार आतून बंद. कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी नावाचं कुणी नाही इथं." आत पुतणी. ती जागी राहून याच क्षणाची वाट बघत होती.

१३ जानेवारीची रात्र, मोरियाचं दार. दारावर लिहिलेलं असतं की मित्र म्हणा आणि आत या. गँडाल्फला वाटतं, 'मित्रा, परवलीचा शब्द म्हण'. एवढा विद्वान, माहीत असलेला एकेक मंत्र म्हणून थकतो, चिडून काठी फेकतो. शेवटी हसतो. नुसतं 'मित्र' म्हणायचं होतं, एल्फांच्या भाषेत.

मला एल्फांचा शब्द येत होता, तरी मराठीत म्हटलं. दार उघडलं. तळपायांना आत्यानं कोमट तेल लावलं. माझं यण्णीमज्जन तिथं झालं.

१४ जानेवारी

भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-गाजर-पावटा-ओला हरभरा घातलेली लेकुरवाळी भाजी, वर लोण्याचा गोळा. दोनपर्यंत याच्यापुढे काही सुचलं नाही.

दुपारी सम्मती कट्ट्यावर अक्षता. गर्दीचं वर्णन करत नाही, ते दरवर्षी पेपरात येतं. सम्मतीचं वाचन झालं, 'सत्यम, सत्यम' असा आवाज उठला आणि तांदूळ पडले, एवढं मला दिसलं. त्यातले बरेच समोरच्या काकांच्या टकलावर. हे लग्न योगदंडाशी लागतं. कथा अशी सांगतात: सिद्धरामांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभारकन्येला त्यांच्याशी लग्न करायचं होतं. ते योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. काठी ही नुसती काठी नसते, ती त्या माणसाच्या जागी उभी राहू शकते, हे सोलापूरला आठशे वर्षं ठाऊक आहे. टोल्कीनच्या गोष्टीत रोहन देशाच्या राजाच्या दारावरचे पहारेकरी गँडाल्फकडे काठी बाहेर ठेवायला मागतात, तेव्हा तो म्हणतो, म्हाताऱ्याचा आधार कशाला काढून घेता? पहारेकरी विरघळतात, काठी आत जाते आणि आत जे व्हायचं ते होतं. आमच्या आत्याला पहाऱ्यावर ठेवलं असतं तर हे झालं नसतं.

संध्याकाळी तलावाच्या काठी बसलो होतो. पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी, पाण्यात मंदिराचे दिवे. मी सहज म्हणालो की सिद्धेश्वरांची नावं पण पुष्कळ. सिद्धराम, सिद्धरामेश्वर, अक्कांच्या तोंडी सिद्धराम्मय्या, आणि लहानपणीचं धूळिमाकाळ. आत्या म्हणाली, "हे बघ, तुझ्या त्या गोष्टीतल्या बुवाशी आमच्या सिद्धरामाची तुलना करायची नाही." नाही करत म्हटलं. पण मग तिनंच गोष्ट सुरू केली. शेतात गुरं राखणाऱ्या पोराकडे एक जंगम आला, मी श्रीशैलचा मल्लय्या म्हणाला, हुरडा खाल्ला, वर दहीभात मागितला. पोरगं घरी पळालं, दहीभात घेऊन आलं तर जंगम गायब. पोरगं 'मल्लय्या, मल्लय्या' हाका मारत थेट श्रीशैलला. सापडला नाही म्हणून कड्यावरून उडी घेणार, तेवढ्यात मल्लय्यानं हात धरला. तिथून परत येऊन मग इथं तलाव, देऊळ, सगळं.

"नाव एकच सांगितलं होतं जंगमानं," आत्या म्हणाली, "पण खरं सांगितलं होतं."

सिद्धरामांची कानडी वचनं आहेत. त्यांच्या शेवटी सहीच्या जागी स्वतःचं नाव येत नाही, 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' येतं. म्हणजे ज्यानं हात धरला त्याचंच नाव आयुष्यभर खाली लिहीत राहिले. हे मी आत्याला सांगितलं नाही, तिला माहीत असणार. गावाचं नावही असंच, शिलालेखात सोन्नलगे, इंग्रजांच्या पाट्यांवर शोलापूर, आता सोलापूर. सोळा गावांचं म्हणून सोलापूर, असं रिक्षावाले छातीठोक सांगतात. सोन्नलगेत सोळा कुठून आले, हे त्यांना विचारू नये. भाडं वाढतं.

१५ जानेवारी

तिळगूळ, पतंग, दुपारची झोप. पुतणीनं दिवसभर तोंड पाडलं होतं. आज 'तो' जाणार होता. तिसऱ्यांदा वाचतेय, तरी.

रात्री होम मैदानावर पोचायला तासभर लागला. मैदानाला नाव या होमाचंच. एका बाजूला गड्ड्याची जत्रा जोरात: आकाशपाळणे, मौत का कुआँ, भज्यांच्या कढया, कुठल्याशा पाळण्याचा भोंगा. पहिल्या काठीला आज नागफणा बांधलेला असतो, ती आणखी जड. ती येईपर्यंत मधला अंधार सगळे सांभाळून धरतात. मग होम पेटला. कुंभारकन्येनं शेवटी अग्निप्रवेश केला असं मानतात, तोच हा विधी. ज्वाळा एकदम वर गेल्या आणि समोरच्या सगळ्या पांढऱ्या बाराबंद्या केशरी झाल्या. पुतणीनं माझा हात घट्ट धरला होता. ती होमाकडे बघत होती, पण तिला दिसत होता पूल.

खझाद-दूमचा, म्हणजे मोरियातला पूल दगडी, अरुंद, बिनकठड्याचा. समोर बालरॉग हा आगीचा राक्षस. इथं गँडाल्फ स्वतःची ओळख स्वतः सांगतो, आणि तिच्यात नाव येत नाही. मी गुप्त अग्नीचा सेवक आहे, म्हणतो. इतकी नावं असलेला माणूस मोक्याच्या वेळी त्यातलं एकही वापरत नाही. काठी पुलावर आपटतो, पूल तुटतो, काठीही तुटते, बालरॉग पडतो आणि पडता पडता याच्या पायाला चाबकाचा वेढा घालून याला ओढतो.

"काठी तुटते हे वाईट," पुतणी म्हणाली. मी तिला भजी घेऊन दिली.

होमानंतर भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, पानसुपारी ठेवतात. ते काय हुंगतं, कशाला तोंड लावतं, अंग थरथरतं का, मलमूत्र करतं का, यावरून पाऊसपाणी आणि भाव सांगतात. वासरू बिचारं दिव्यांना बुजलं होतं. लोक श्वास रोखून. शेजारच्या शेतकऱ्यानं फोनवर लगेच गावाकडे कळवलं. काय कळवलं ते गोंगाटात ऐकू आलं नाही.

परतताना आत्या एक वाक्य बोलली, त्यानं माझा सगळा प्रवास सोपा झाला. पुतणी तिला ग्रीमाबद्दल सांगत होती. रोहनच्या म्हाताऱ्या राजाचा सल्लागार, राजाच्या कानाशी लागून त्याला खुर्चीला खिळवणारा. गँडाल्फ दरबारात येतो तेव्हा तो म्हणतो, मी तुझं नाव लाथस्पेल ठेवतो, वाईट बातमी. राजाही त्याला वादळकावळा म्हणतो, कारण हा दिसला की मागून संकट येतं. तिकडे दक्षिणेत गोंडोरचा कारभारी डेनेथोर तर त्याला करडा मूर्ख म्हणतो.

आत्या म्हणाली, "हे काही नाव ठेवणं नाही. ही नावं ठेवणं."

एका अनुस्वाराचा फरक. ज्यांनी त्याला घरात घेतलं त्यांनी नाव ठेवलं. ज्यांना त्याचं येणं परवडत नव्हतं त्यांनी नावं ठेवली. वासरानं दुष्काळ सांगितला तरी वासराला कोणी नावं ठेवत नाही. उद्या त्याला पोटभर चारा मिळतो. गँडाल्फला कोणी चाराही घातला नाही, रोहनच्या राजानं तर घोडा घे आणि चालता हो म्हटलं होतं. हा घोडा घेऊन गेला, पण राजाचा सगळ्यात उमदा, शॅडोफॅक्स. राजाचा राग तिथून आहे. हा प्रसंग पुतणीनं आत्याला अजून सांगितलेला नाही. उधारीचा मुद्दा पुन्हा निघेल.

१६ जानेवारी

सकाळी डॉक्टर कोटणीसांचं स्मारक पाहिलं. त्यांचं जन्मघर. मुलांची सहल आलेली होती, एक मास्तर ओरडून माहिती सांगत होते, म्हणून मला फुकट गाईड मिळाला. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, इथलाच. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं, त्यात हे. तिथं त्यांना चिनी नाव मिळालं, के दीहुआ. चीनमध्ये आजही ते त्या नावानं ओळखले जातात. तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनहुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असताना, डिसेंबर १९४२ मध्ये, डॉक्टर गेले. बत्तीस वर्षांचे होते.

पुतणी बराच वेळ एका फोटोसमोर उभी होती. गँडाल्फच्या नावांची यादी डेनेथोरचा मुलगा फारामिर आठवून सांगतो, ती तिला पाठ आहे. एल्फांत मिथ्रांदिर, बुटक्यांत थार्कुन, विसरलेल्या पश्चिमेत तरुणपणी ओलोरिन, दक्षिणेत इन्कानुस, उत्तरेत गँडाल्फ, पूर्वेला मी जात नाही. ती म्हणाली, "काका, हे पूर्वेला गेले." बाहेर येऊन तिनं उसाचा रस मागितला, विषय संपला.

रस पिताना मी तिला एक गंमत सांगितली, तिच्या नकाशावर नसलेली. गँडाल्फ हे नाव आधी त्याचं नव्हतंच. १९३७ साली छापलेल्या पहिल्या पुस्तकाच्या कच्च्या खर्ड्यात जादूगाराचं नाव ब्लाडोर्थिन होतं आणि गँडाल्फ होता बुटक्यांचा म्होरक्या, पुढे ज्याचा थोरिन झाला तो. गँडाल्फ आणि बुटक्यांची बहुतेक नावं एका जुन्या नॉर्स कवितेतल्या बुटक्यांच्या यादीतून उचललेली. त्या यादीतल्या गँडाल्फचा अर्थ काठीचा एल्फ, असा काहीसा. लेखकाला उमगलं असणार की काठी असलेलं नाव काठी नसलेल्याकडे गेलंय. त्यानं अदलाबदल केली. "म्हणजे तिथंही काठीवालाच!" तिनं ग्लास खाली ठेवला. घरी येऊन नकाशावर, अगदी वरच्या कोपऱ्यात, एक टिकली लावली. काळी, चंद्रकोरीची. आत्याची लग्नकार्याची.

आणखी एक, हे तिनं मला सांगितलं. थोरिनचा बाप थ्राइन डोल गुल्दूर या शत्रूच्या गडाच्या कोठडीत मरणपंथाला लागलेला असताना गँडाल्फला सापडतो. तिसऱ्या युगाचं वर्ष २८५०. तो त्याच्या हातात नकाशा आणि किल्ली देतो, मुलासाठी. पण त्याला स्वतःचं नाव आठवत नसतं, मुलाचंही नाही. पत्त्याशिवायचं टपाल. गँडाल्फ ते एक्क्याण्णव वर्षं जवळ बाळगतो आणि २९४१ मध्ये बरोबर माणसाला पोचवतो. मला वाटतं, दोन हजार वर्षांतलं हे त्याचं सगळ्यात भारी काम. बालरॉग वगैरे ठीक आहे.

रात्री पुन्हा होम मैदान, शोभेचं दारूकाम. आमच्या गल्लीतली यच्चयावत माणसं चटया घेऊन. ओळख करून देताना आत्या म्हणाली, "आमच्या दादाचा." अक्कांनी नातवाला सांगितलं, "पुणेदवरु," पुण्याचे म्हणून. मागच्या पेठेतले तेलुगू आजोबा मला 'बाबू' म्हणाले आणि त्यांनी शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. खरं नाव चार दिवसांत कोणी विचारलेलं नाही, आणि मी कोणाला ओळखत नाही असं एकदाही वाटलेलं नाही.

बाण चढले, फुटले. पाण्यासारखी खाली येणारी पांढरी धार आली तेव्हा पोरांनी एवढा गिल्ला केला की पुढचे दोन आवाज ऐकूच आले नाहीत. हॉबिटांना गँडाल्फ म्हणजे एवढंच, दारूकामवाला म्हातारा. त्याच्या खोक्यांवर मोठं तांबडं ग असतं, पोरं ते ओळखतात आणि गाडीमागे धावतात. बिल्बो या हॉबिटच्या मेजवानीत त्यानं सोडलेला ड्रॅगन लोकांच्या डोक्यावरून जातो, सगळे पालथे पडतात, आणि ती जेवायला बसण्याची खूण असते. जग वाचवणारा माणूस एका गावाला फक्त फटाक्यांसाठी माहीत असतो आणि त्याला त्याचं वाईट वाटत नाही. उलट मला वाटतं, थकल्यावर तो तिकडे जायचा तो यासाठीच.

"ग म्हणजे गँडाल्फ," पुतणी ओरडली, "ग म्हणजे गड्डा!"

१७ जानेवारी

आज कप्पडकळी. बाळीवेशीतल्या मल्लिकार्जुन मंदिरात काठ्यांची वस्त्रं उतरवतात, यात्रा संपते. कप्पड म्हणजे कापड, अक्कांनी पुन्हा फोड केली, कळी म्हणजे काढणे. गर्दी कालच्या मानानं काहीच नाही. शृंगार उतरला आणि काठी नुसता बांबू झाली. पाच दिवस तिच्याकडे मान वर करून बघितलं होतं.

पुतणी गप्प होती, मीही. दोघांच्या डोक्यात एकच पान असणार. पर्वताच्या टोकावर बालरॉगला मारून गँडाल्फ मरतो. २५ जानेवारी. १४ फेब्रुवारीला परत पाठवला जातो, अंगावर चिंधी नसलेला. करडं सगळं गेलेलं. गरुड उचलून नेतो, एल्फांच्या लोरियनमध्ये पांढरी वस्त्रं मिळतात. १ मार्चला फँगॉर्नच्या जंगलात जुने सोबती भेटतात आणि त्यांच्यातला एक आनंदानं ओरडतो, गँडाल्फ! आणि हा थबकतो. एखादा बराच काळ न वापरलेला शब्द आठवावा तसं म्हणतो, गँडाल्फ... हो, हेच नाव होतं. सोबत्यांनी हाक मारली नसती तर त्याला कदाचित ते सापडलंच नसतं.

संध्याकाळच्या गाडीला आत्यानं कडक भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधून दिली, आणि शेंगाचटणीचा डबा. कडक भाकरी आठवडाभर टिकते, प्रवासातच खायची वस्तू आहे ती. "पुढच्या वर्षी ये रे बाळ्या, पंधरा वर्षं लावू नको." पुतणीनं पिशवी भरताना काहीतरी उद्योग केला, तो गाडीत बसल्यावर दिसला. डब्याच्या झाकणावर तांबड्या स्केचपेननं मोठ्ठं एकच अक्षर.

माढा गेल्यावर फडकं सोडलं. समोरच्या बाकावर एक जोडपं होतं, बार्शीकडचं. बाईंनी डब्याकडे बघितलं.

"गूळ आहे का हो?"

"नाही, शेंगाचटणी."

"मग ग कशाला?"

लांबची गोष्ट आहे म्हटलं आणि भाकरी मोडून पुढे केली.